कापड-किराणा दुकान (ताडकळस परिसर)

एकाच ओट्यावर आणि एकाच खतावणीत कापड व वाणसामान या दोहोंचा व्यवहार चालविणारे, बाजारगावच्या मुख्य पेठेतील पिढीजात दुकान. निजामी अमदानीत मराठवाड्याच्या कसब्यांतून रूढ झालेला हा दुकानप्रकार विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत टिकून होता. त्यानंतर त्याला जी उतरती कळा लागली तीत त्याचे कापडाचे अंग जवळजवळ गळून पडले आणि किराण्याचे अंग मात्र कसेबसे तग धरून राहिले. ताडकळस (तालुका पूर्णा, जिल्हा परभणी) हे अशा बाजारगावांपैकी एक होय. तालुक्याचे ठिकाण नसूनही स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती व पोलीस ठाणे असलेल्या या गावाला आसपासच्या खेड्यांचा राबता पूर्वापार असून, मोंढ्यात माल घालून आलेला कुणबी पेठेत शिरल्यावाचून सहसा गावी परतत नसे.

या दुकानांचे मालक मारवाडी, लिंगायत वाणी, कोमटी अशा वेगवेगळ्या समाजांतले असले तरी दुकानाची मांडणी एकसारखीच असे. रस्त्याच्या बाजूस ओटा, त्यावर पांढऱ्या खोळीची गादी व तक्क्या. एका अंगाला गुळाच्या ढेपा, मिठाचे पोते, शेंगतेलाचा डबा, खोबरे, सुपारी व तराजू. दुसऱ्या अंगाला भिंतीतील फळ्यांवर धोतरजोड्या, मांजरपाट, खण, पटके आणि इरकली लुगडी यांच्या घड्या. गुळाचा हात कापडाला लागू नये म्हणून दोन बाजूंना दोन माणसे बसत. किराण्यावर धाकटा मुलगा किंवा नोकर आणि कापडावर खुद्द मालक, ही वाटणी बहुधा कधीच बदलत नसे. दुकानाचा नफा कोठे होता हे समजण्यास तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. मालक ठाण उलगडून लोखंडी गजाला लावी, वारामागून वार मोजी, शेवटच्या वाराला चार बोटे कापड अधिक सोडी आणि कात्रीची नुसती एक कातर मारून उरलेले दोन्ही हातांनी टरकन फाडी. ती चार बोटे हिशेबात धरली जात नसत, असे मालक सांगे. भावात ती आधीच धरलेली असत, हे गिऱ्हाईकही जाणून असे. आणि तरीही ती सोडली नाहीत तर गिऱ्हाईक रुसे. ओट्याच्या कडेला शिलाई यंत्र घेऊन बसलेला शिंपी हा दुकानाचा नोकर नसला तरी दुकानाचाच एक भाग मानला जाई.

कापड आणि किराणा यांची ही जोडी योगायोगाने जुळलेली नव्हती. तेल, मीठ, चहा, तंबाखू यांवर सुटणारा नफा पैशा-दोन पैशांचा. पण त्या निमित्ताने घरातील कोणी ना कोणी आठवड्यातून दोनदा ओट्यावर येई, आणि कोणाच्या घरी मुलगी उपवर झाली, कोणाचे पीक बुडाले, कोणाचा भाऊ वेगळा निघाला या वार्ता मालकाला घरबसल्या कळत. कापडाचा खप याउलट हंगामी असे. पोळ्याला बैलांच्या झुली व गोंडे, दिवाळीला घरच्यांचे कपडे, गुढीपाडव्याला नव्या सालाचा करार होताना सालगड्याला ठरल्याप्रमाणे द्यावयाची धोतरजोडी व घोंगडी, आणि लग्नसराईत बस्ता. वधूवरांच्या दोन्ही घरची मंडळी एकत्र बसून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चहावर चहा घेत, रुसत-फुगत, मानापानाची लुगडी-पातळे निवडून जो बस्ता बांधीत, त्या एका बैठकीत दुकानाची कित्येक महिन्यांची कमाई निघून येई. किराण्याने माणूस बांधून ठेवावा आणि कापडाने दुकान चालवावे, असा हा एकूण हिशेब होता.

या हिशेबाचा कणा म्हणजे उधारी. पावसाळ्यात नेलेले सामान आणि उन्हाळ्यात बांधलेला बस्ता या दोहोंची बाकी सुगीवर फिटे. कापूस-वेचणीच्या दिवसांत बाया ओटीत कापूस घेऊन येत व त्याच्या बदल्यात गूळ-तेल नेत. संस्थानी काळात त्यातच चलनाची गुंतागुंत भर घाली: सात रुपये हाली (निजामी) म्हणजे सहा रुपये कलदार (इंग्रजी), हा हिशेब निरक्षर गिऱ्हाइकालाही तोंडपाठ करावा लागे, आणि हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतरही हाली शिक्का १९५९ पर्यंत व्यवहारातून पुरता गेला नव्हता. रोखीचा भाव निराळा व उधारीचा निराळा असल्यामुळे व्याज शब्दाने न सांगता वसूल होई. या दुकानदारीविषयी आज जे हळवेपणाने लिहिले जाते त्यात ही गोष्ट सहसा येत नाही. खतावणीतील बाकी फिटली तरी खाते बंद होत नसे, कारण ते बंद होणे दोघांपैकी एकालाही सोयीचे नव्हते. तथापि तगादा लावणारा एक आणि तगादा सोसणारा दुसरा, हा भेद काही केल्या पुसला जात नव्हता.

पहिला मोठा आघात पेठेबाहेरून आला. १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली आणि कापसाची खाजगी खरेदी बेकायदा ठरली. शेतकऱ्याचा कापूस सरकारी केंद्रावर गेला, त्याची रक्कम हप्त्याहप्त्याने मिळू लागली व सहकारी सोसायटीचे कर्ज तिच्यातून आधी कापून घेतले जाऊ लागले. दुकानदाराचा पिकावरचा अनौपचारिक हक्क त्यामुळे मागच्या रांगेत गेला. त्याच सुमारास दुष्काळ पडला. पुढे १९७५ च्या कर्जमुक्तीच्या कायद्याने लहान शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांची खाजगी देणी रद्द केली, तेव्हा उधार देणाऱ्याचा हात साहजिकच आखडला. कायद्याचा हेतू न्याय्य होता यात शंका नाही. पण ज्या उधारीच्या आधारावर बस्ता विकला जाई ती उधारीच या फेऱ्यात सापडली.

दुसरा आघात मालाच्या स्वरूपातून झाला. मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा १९८२ मध्ये सुरू झालेला संप गिरण्यांच्या कापडाला भोवला. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या जवळच्या गिरण्याही कालांतराने बंद पडल्या, आणि फळीवर भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांचे कापड व सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. कापडाचा पोत हाताने चाचपून, सुताचा नंबर सांगून भाव ठरविणाऱ्या जुन्या मालकाचे कसब या मालापुढे निरुपयोगी ठरले. त्याहून घातक ठरले ते तयार कपडे. शर्ट-पँट, फ्रॉक, पंजाबी ड्रेस शिवूनच मिळू लागल्यावर ठाण, गज, कात्री आणि ओट्यावरचा शिंपी ही सारी साखळीच तुटली. मापाऐवजी आकडा आला, आणि प्रत्येक आकड्याचा, रंगाचा व तऱ्हेचा नग ठेवण्याइतके भांडवल कसब्यातल्या दुकानदाराजवळ नव्हते. एसटी व पाठोपाठ काळी-पिवळी जीपगाड्या यांनी परभणी आणि नांदेड हाकेच्या अंतरावर आणून ठेवली. बस्ता तिकडे गेला. बस्ता गेल्यावर कापडाचे दुकान गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

किराण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीने मालकाच्या तोंडी भावाची मातब्बरी घालविली, तेल पिशवीत आणि साबण, शाम्पू पुड्यांत आले, स्वस्त धान्य दुकानाने गहू-तांदळाचे गिऱ्हाईक नेले. तरी रात्री नऊ वाजता चहापत्ती संपली तर ती परभणीहून आणणे शक्य नाही, या साध्या कारणाने किराणा उरला. कापूस जाऊन शिवारात सोयाबीन आले, त्याची रक्कम एकदम आणि लवकर हाती येऊ लागली, तीही पुष्कळदा थेट बँकेच्या खात्यात. बचत गट व लघुवित्त संस्था यांनी उधारीची जागा घेतली. तिथला तगादा दर आठवड्याला असतो आणि खतावणीतल्यासारखा सुगीपर्यंत थांबत नाही, हे घेणाऱ्यांना अनुभवाने कळले.

कापड आणि खाद्यपदार्थ यांची सांगड घालणाऱ्या दुकानांत कापड आधी ढासळते व खाद्य उरते, हा अनुभव केवळ मराठवाड्याचा नाही. इंग्लंडातील लीड्स शहराच्या बाजारात मायकेल मार्क्स याने १८८४ मध्ये एका पेनीला वस्तू विकण्याची जी फळी मांडली तिच्यातून मार्क्स अँड स्पेन्सर ही पेढी वाढली. १९३१ मध्ये तिने खाद्यविभाग काढला, १९९८ मध्ये तिचा वार्षिक नफा शंभर कोटी पौंडांवर गेला, आणि लगेच तिची घसरण सुरू झाली ती मुख्यतः कपड्यांमुळे. २०१८ मध्ये तिने शंभरावर दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला व २०१९ मध्ये ती लंडनच्या शेअरबाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीतून बाहेर पडली. त्या सबंध काळात तिला सावरून धरले ते खाद्यविभागाने, आणि २०२३ मध्ये ती त्या यादीत परतली. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या सहकारी ‘अपना बाजार’नेही वाणसामान व कापड एका छपराखाली आणले होते, आणि मोठ्या भांडवलाच्या दुकानांपुढे त्याचीही पीछेहाट झाली. उलटपक्षी २००१ मध्ये निघालेला ‘बिग बझार’, ज्याच्या भयाने कसब्यातील दुकानदार एके काळी धास्तावले होते, तो २०२२ मध्ये स्वतःच आटोपला. ताडकळसच्या वाट्याला हा शत्रू प्रत्यक्ष आलाच नाही. त्याच्या पेठेचे कापड त्याआधीच संपले होते, हे लक्षात घेतले म्हणजे साऱ्या ऱ्हासाचे खापर मोठ्या दुकानांवर फोडण्याची रीत किती उथळ आहे ते दिसते.

सांप्रत या दुकानांची पुढची पिढी बहुधा बियाणे-खते, मोबाईल किंवा भुसार खरेदीकडे वळलेली आढळते. काहींनी फळ्या काढून काचेची कपाटे बसविली व तयार कपड्यांचे स्वतंत्र दुकान थाटले, तेव्हा किराणा सोडून दिला. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यापासून कापडाचे आणि वाणसामानाचे हिशेब निरनिराळ्या दरांनी ठेवावे लागत असल्याने, एका खतावणीची सोयही उरलेली नाही. जेथे जुनी जोडी अद्याप नांदते तेथे कापडाच्या बाजूस आहेराचे टॉवेल-टोपी, उपरणी आणि खणाऐवजी ब्लाऊजचे तुकडे एवढाच माल असतो. तो मोजून द्यावा लागत नाही, आणि गज तराजूच्या मागे भिंतीला टेकलेला असतो.