स्त्रीवादी लघुपट आणि उपहासाची परंपरा : 'युगांतर'च्या संदर्भात (१९८०–१९८३)

प्रस्तावना :
स्त्रीवरील हिंसेचे चित्रण करताना पीडितेची वेदना प्रेक्षणीय वस्तू होऊ न देता ती समाजासमोर कशी मांडावी, हा प्रश्न प्रत्येक कलावंतापुढे उभा राहतो. स्त्रियांच्या अभिव्यक्तीने त्याला दोन उत्तरे दिली. एक उपहासाचे व दुसरे सामूहिक अभिनयाचे. या दोहोंतील नाते तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उपहासाची परंपरा :
१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. या निमित्ताने समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून स्त्रियांवर लादलेला एकेक दोष पुरुषांच्याच पदरात टाकला. त्यांचा उपहास पीडितेचा नसून तिचा न्याय करणाऱ्यांचा आहे. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हा ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' या नाटकाने हीच धार लोकरंगभूमीच्या ढंगात गावोगावी नेली. बायकोला मारणे हा जेथे थट्टेचा विषय होता, तेथे थट्टेची दिशाच उलटली.

'युगांतर'चे लघुपट :
मथुरा खटल्यासंबंधी १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि स्त्री-चळवळीला वेग आला. याच वातावरणात दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर व मीरा राव यांचा 'युगांतर' हा चित्रपटगट आकाराला आला. 'मोलकरीण' (१९८१) हा लघुपट पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघर्षावर आहे, तर त्यानंतरचा लघुपट निपाणीच्या तंबाखू वखारींतील कामगार स्त्रियांवर. दोन्हींत कामगार स्त्रिया स्वतःच बोलतात.

कौटुंबिक हिंसेवरील 'इदि कथा मात्रमेना' (१९८३) हा तेलुगू लघुपट हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसह तयार झाला. 'ही केवळ कथाच आहे काय?' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होय. चर्चेतून पुढे आलेले अनुभव संघटनेतील स्त्रियांनी उत्स्फूर्त अभिनयातून साकारले. येथे विनोद नाही. परंतु शीर्षकातील प्रश्नात एक बोचरा उपरोध आहे. जे घरोघरी घडते त्यालाच समाज 'कथा' म्हणून बाजूला सारतो, हे तो दाखवून देतो. त्याच वर्षी भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम समाविष्ट झाले, ही बाबही लक्षणीय आहे.

समारोप :
हसण्याचा आणि सांगण्याचा अधिकार पीडितेच्या बाजूने राहिला, हे या दोन्ही मार्गांचे समान सूत्र होय. तो अधिकार सुटला की उपहासाची कुचेष्टा होते आणि चित्रणाचा तमाशा. सोलापूरच्या विडी उद्योगात मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात व त्यांपैकी अनेकींच्या घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलली जाते. त्यामुळे निपाणीची वखार आणि हैदराबादचे घर, दोन्ही या शहराला परके नाहीत. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेच्या प्रयत्नांतून हे लघुपट डिजिटल रूपात जतन झाले आहेत. इतिहास, समाजशास्त्र व साहित्य या विभागांनी ते साधनसामग्री म्हणून अभ्यासणे उचित ठरेल.