पाखरांची ओळख करून देणारे

नारायणगावाहून जुन्नरकडे जाणाऱ्या प्रवाशास आज द्राक्षांचे मांडव, टोमॅटोची शेते आणि उसाचे फड दिसतात. ही हिरवाई तशी अलीकडची आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे होण्यापूर्वी या मुलखात कोरडवाहू शेती व गवताळ माळ यांचेच राज्य होते. त्या माळावरील पाखरांची पहिली शास्त्रीय नोंद कोणी केली आणि पाखरे ओळखण्याची ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती कशी आली, हा इतिहास आपल्या घरांतील वाढत्या मुलामुलींच्या दृष्टीने जाणून घेण्याजोगा आहे.

१८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनच्या पाहणीसाठी नेमणूक केली. १८३१ पर्यंत तो या प्रांतात हिंडला. लोकसंख्या, पिके व हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्याचे सरकारी काम. परंतु त्याचे कुतूहल त्याहून मोठे होते. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांच्या नकला त्याने करून घेतल्या आणि त्या १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्यापूर्वी, १८३२ साली, दख्खनमधील पक्ष्यांची त्याची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने छापली होती. तीत दोनशेहून अधिक जाती होत्या आणि त्यांतील पन्नासहून अधिक शास्त्राला नव्या होत्या. ओढ्याकाठी ध्यानस्थ बसणारी आपली ढोकरी त्यांपैकीच एक. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्याने मराठ्यांच्या मुलखाचे नाव गुंफले. माळावरचा एक लहानसा तुरेवाला चंडोल तर आजही ‘साइक्सचा चंडोल’ म्हणून जगभर ओळखला जातो.

त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो मारून हाती घ्यावा लागे. दुर्बिणी बेताच्या होत्या, रंगीत चित्रांची सुटसुटीत पुस्तके नव्हती. बंदूक हेच पक्षीशास्त्राचे साधन होते. म्हणूनच भारताच्या सर्वांत थोर पक्षीतज्ज्ञाची कथाही बंदुकीनेच सुरू होते.

१९०८ च्या सुमारास मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या सालीम नावाच्या एका पोरक्या मुलाने खेळण्यातल्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, असे त्याने मामांना विचारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही; ओळखपत्र देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ साली आठ जणांनी स्थापलेल्या या संस्थेत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यही संस्थापक होते. मिलार्डसाहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले. मग कपाटाचे कप्पे एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. त्यांत साताऱ्यास जन्मलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ऊर्फ ‘इहा’ यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होते.

या कथेचा दुसरा अध्याय आपल्याला अधिक जवळचा आहे. सालीम कॉलेजात रमला नाही. शिक्षण अर्धवट टाकून तो ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीचा व्यवहार पाहू लागला. १९१७ साली तो परतला आणि व्यापारी शिक्षण घेऊ लागला. तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी त्याची खरी ओढ ओळखली. फादर स्वतः वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक. त्या कॉलेजातील वनस्पतिसंग्रह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी या विशीतल्या तरुणास प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा त्याचा दिनक्रम झाला. पुढे १९४१ साली डॉ. सालीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसालाही पक्षी न मारता ओळखता येऊ लागला. त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकात एका चिमणीच्या पडण्याचा उल्लेख आहे. ते शब्द शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधून आले आणि त्यांचे मूळ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे.

मामा, मिलार्ड आणि फादर ब्लाटर या तिघांनीही त्या मुलावर काही लादले नाही. पहिल्याने अज्ञान लपविले नाही, दुसऱ्याने कप्पे उघडले, तिसऱ्याने सुप्त गुण हेरला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदा पक्षी पाहावयास नेणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानी धरले तरी पुरे.

ही सहल नारायणगाव परिसरात एका दिवसात होण्यासारखी आहे. काळ हिवाळ्याचा निवडावा. मारुती चितमपल्ली व सालीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात साजरा होतो. त्यातील शनिवार घ्यावा, म्हणजे रविवारच्या मिस्साला अडथळा येत नाही. पक्षीनिरीक्षक पहाटेच्या अंधारात निघतात. या मुलखात तसे करू नये. उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. चांगले उजाडल्यावरच निघावे, फडाच्या कडेने चालू नये आणि मुलाला एकटे पुढे सोडू नये. वनखात्याची सूचना असल्यास बेत निमूटपणे बदलावा.

सकाळी येडगावच्या जलाशयाचा मोकळा काठ गाठावा. ढोकरी, बगळे, शेकाट्या, टिटवी, खंड्या व धोबी हे पक्षी साध्या डोळ्यांनीही ओळखू येतात. आठपट मोठे दाखविणारी एक दुर्बीण सर्वांत पुरेशी आहे. ती मात्र मुलाच्या गळ्यात असावी, आपल्या नव्हे. वहीत आकार, चोच, चाल आणि जागा लिहू द्यावी. नाव नंतर शोधता येते. मोबाईलवर आवाज ओळखणारी साधने आहेत. त्यांचा उपयोग पडताळ्यासाठी करावा. पक्ष्याला बोलाविण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवू नये. घरट्याजवळ तर जाऊच नये. ‘हा पक्षी कोणता?’ याचे उत्तर आपल्याला ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि पुस्तक दोघांनी मिळून उघडावे.

उन्हे चढण्यापूर्वी एखाद्या शिल्लक माळावर अवश्य जावे. धरणांच्या पाण्याने शेतकऱ्याच्या घरी सुबत्ता आली आणि पाणपक्ष्यांनाही आसरा मिळाला; परंतु चंडोलाला पाणी नव्हे, विरळ गवताचा कोरडा माळ लागतो. तो जमिनीवरच घरटे करतो. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि नांगर, मुरमाची खाण किंवा प्लॉट यांच्या हवाली करतो. साइक्सने पाहिलेला चंडोल त्या माळाबरोबरच आपल्या दृष्टीआड होत आहे. मुलाने तो एकदा उडताना पाहिला, त्याचे गाणे ऐकले, तर उद्या घरची जमीन त्याच्या हाती येईल तेव्हा माळाचा एक तुकडा तसाच ठेवावा की नाही, हे तो निदान विचार करून ठरवील.