बस्त्याची गादी

चांगदेवांच्या समाधीमुळे पुणतांबा सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन पैठण्यांचे येवले या गावास जवळ आले, याची दखल सहसा कोणी घेत नाही. गोदाकाठच्या स्त्रीचा इतिहास लिहावयाचा तर कापडदुकानाच्या अंतर्भागापासूनच आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.

एरवी दुकानच स्त्रीकडे येई. कासार ओसरीवर बसून बांगड्या भरी. लग्नाच्या बस्त्याला मात्र तिला दुकानाची पायरी चढावी लागे. आत पांढऱ्या चादरीची गादी, मागे लोड. बायका पुढे बसत, पुरुष लोडाला टेकत. नोकर घडीमागून घडी मोडी आणि पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवी! लुगडे आपणांस कसे दिसेल, हे बाईने त्या मिशाळ गृहस्थावरून ताडावयाचे. रंगाचा संशय आला, की ती ते उंबऱ्यापाशी उजेडात नेई. जिच्यासाठी हा खटाटोप, ती नवरी पुष्कळदा घरीच असे. आणि उधारी मांडली जाई ती कर्त्या पुरुषाच्या नावे.

तरीही या गादीस केवळ बंधन म्हणणे आम्हांस पटत नाही. चारचौघांत परक्या पुरुषाशी मोठ्याने वाद घालण्याची मुभा घरंदाज स्त्रीला अन्यत्र कोठे होती? काठात खोट काढणे, पोत चोळून पाहणे, उठून जाण्याचे सोंग करणे, ही तिची विद्या होती.

तिकडे पॅरिसमध्ये बुसिको याने 1852 पासून 'बाँ मार्शे' दुकानात ठरीव किंमत आणि मुक्त प्रवेश रूढ केला. काही न घेता नुसते हिंडण्याची सोय स्त्रीला लाभली. आपल्याकडे काचेची कपाटे, पुतळे आणि 'एकच भाव'ची पाटी मोठ्या शहरांतून हळूहळू झिरपत आली. पुरुषभर उंचीचा आरसा आला, तेव्हा सासूबाईंच्या पसंतीपुढे "हा रंग मला खुलत नाही" म्हणावयास सुनेला पुरावा मिळाला. घासाघीस मात्र संपली.

1930 च्या सत्याग्रहात गांधीजींनी विदेशी कापडाच्या दुकानांवरील पिकेटिंग स्त्रियांवर सोपविले. मुंबईत बायका दुकानांच्या दारांत उभ्या राहिल्या. आतली कपाटे जिच्यासाठी सजली होती, तीच गिऱ्हाइकास परत फिरवू लागली. गादीवर तयार झालेली जीभ तेथे कामास आली असावी, असा आमचा तर्क आहे.

येवल्याच्या दुकानांतून गादी अद्याप आहे. नवरी आता स्वतः येते, पदर खांद्यावर घेऊन मोबाईलवर छायाचित्र काढते, मैत्रिणीस धाडते. आणि एखादी आत्या, विजेच्या दिव्यांवर विश्वास न ठेवता, तीच पैठणी उचलून उंबऱ्यापाशी नेते.