सुटलेला बाण परत आणणारी मुले

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द परत घेता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. धनुष्याच्या बाणाला हे जितके लागू, तितकेच दारूच्या बाणालाही. अठराव्या शतकातील मराठी फौजांत बाणदार असत. नळीत दारू ठासून ती बांबूला बांधावयाची आणि बत्ती देऊन शत्रूच्या घोडदळावर सोडावयाची, हे त्यांचे काम. तो बाण परत मिळावा, अशी अपेक्षा कोणी केली नाही व करण्याचे कारणही नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र दूर अमेरिकेतील शाळकरी मुलांनी या म्हणीला अपवाद घडविला. त्यांनी अग्निबाण स्वतः बांधले, आकाशात सोडले आणि जमिनीवर परत मिळविले. या उद्योगाचा इतिहास पाहू गेल्यास, सोडण्यापेक्षा परत मिळविण्यानेच त्याला विद्येचे रूप आले, असे दिसून येते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. अमेरिकेतील मोठ्या माणसांना त्याची भीती वाटली. मुलांना भुरळ पडली. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कोलवुड हे डोंगरांच्या बेचक्यात वसलेले कोळशाच्या खाणीचे गाव. मुलगा मोठा झाला की त्याने बापाच्या मागोमाग खाणीत उतरावे, हा तेथील शिरस्ता. खाणीच्या अधीक्षकाचा मुलगा होमर हिकम त्या वेळी चौदा वर्षांचा होता. स्पुटनिक आपल्या गावावरून जाताना त्याने पाहिला आणि आपणही अग्निबाण करावयाचा असे मनाशी ठरविले. त्याचा पहिला प्रयोग आकाशात गेलाच नाही. आईच्या गुलाबाच्या बागेचे कुंपण तेवढे उडाले.

एवढ्यावर हा उद्योग थांबावयाचा, परंतु थांबला नाही. होमरने सोबती जमविले आणि ही मुले ज्या बिग क्रीक हायस्कुलात जात, त्याचे नाव घेऊन आपल्या मंडळाला ‘बिग क्रीक मिसाइल एजन्सी’ असे भारदस्त नाव दिले. आपल्या अग्निबाणांना त्यांनी ‘ऑक’ म्हटले. ऑक हा उडता न येणारा व आता नामशेष झालेला पक्षी होय. तेव्हा या नावात थोडी थट्टा होती आणि थोडा नम्रपणाही. गावाबाहेर खाणीतील टाकाऊ माल टाकून झालेले एक काळे मैदान होते. तेथे मुलांनी आपले उड्डाणतळ केले आणि अमेरिकेच्या केप कॅनॅव्हरल या प्रसिद्ध तळाच्या धर्तीवर त्याला ‘केप कोलवुड’ म्हणू लागली.

येथून पुढची हकिकत विशेष मननीय आहे. अग्निबाण वर गेला की तो क्षणात दिसेनासा होई. पाहणारे टाळ्या वाजवीत. पण किती उंच गेला, हे टाळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी मुलांनी कोन मोजण्याचे साधे उपकरण केले. तळापासून एक हजार फुटांवर उभे राहून पाहता, शिखरावरील बाण पंचेचाळीस अंशांच्या कोनात दिसला, तर तो एक हजार फूट चढला, हे त्रिकोणमिती सांगते. वर्गात जे कोष्टक रुक्ष वाटे, ते मैदानावर एकदम उपयोगी पडले.

परंतु उंची का कमी पडली, हे त्रिकोणमिती सांगत नाही. ते सांगतो परत मिळालेला अग्निबाण. म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर मुले रानात, डोंगराच्या उतारावर त्याचा शोध घेत. अग्निबाणाच्या बुडाशी वायू बाहेर पडण्याची एक अरुंद वाट असते. तिला नॉझल म्हणतात. आधी निमुळती होत जाणारी व मग पुन्हा रुंदावणारी अशी तिची घडण असते. त्या गळ्याचे माप बिघडले, की वायूचा जोर वाया जातो. सापडलेल्या नॉझलचा पोलादी गळा आगीच्या झोताने झिजलेला दिसला, तेव्हा दोष कोठे आहे, हे मुलांना डोळ्यांनी पाहावयास मिळाले. मग झीज थांबविण्यासाठी आतून लेप देण्याचे प्रयोग झाले. मापे पुन्हा काढली गेली.

हे सारे त्यांनी एकट्याने केले नाही. खाणीच्या यंत्रशाळेतील कारागिरांनी नॉझल कातून दिले. शाळेतील विज्ञानशिक्षिका फ्रीडा जॉय रायली यांनी अग्निबाणांच्या रचनेवरील कठीण ग्रंथ होमरच्या हाती ठेवला आणि त्यातील गणित समजून घेण्यासाठी मुलांनी कलनशास्त्राचा अभ्यास केला. १९६० साली इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांच्या कामास पदक मिळाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सोडलेला अखेरचा ऑक सुमारे ३१,००० फूट चढल्याचे हिकम यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्याची कळ दाबली ती मुलाने खाणीतच यावे असे ज्यांना वाटत होते, त्या वडिलांनी. रायलीबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभले नाही. १९६९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या कर्करोगाने वारल्या.

कोलवुडच्या मुलांची ही वाट निर्धोक नव्हती, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्फोटक मिश्रणे हाताने कालविणे हा जिवाशी खेळ होय, आणि त्या काळात ठिकठिकाणी मुले तो खेळत होती. अशा वेळी वडीलधाऱ्यांपुढे दोन मार्ग दिसतात: मुलांना सरसकट मना करावे, किंवा काणाडोळा करावा. सुदैवाने तिसरा मार्ग कोणाला तरी सुचला होता.

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार होते. त्यांना शोभेच्या दारूचा छंद, तर त्यांच्या भावाला विमानांच्या प्रतिकृतींचा. या दोन छंदांच्या मिलाफातून १९५४ च्या सुमारास कागदी नळीचा एक हलका अग्निबाण तयार झाला. १९५७ च्या आरंभी जी. हॅरी स्टाइन यांनी मुलांच्या धोकादायक प्रयोगांविषयी एका मासिकात लेख लिहिला. स्टाइन हे व्हाइट सँड्स येथील सरकारी क्षेपणतळावर सुरक्षेचे काम पाहत. लेख वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले आणि हाच इलाज आहे, हे ओळखले.

त्या नमुन्यातील युक्ती साधी आहे. इंधन मुलाने कालवावयाचे नाही. कारखान्यात बनविलेली मोटर विकत घ्यावयाची. बत्ती हाताने न लावता दुरून विजेच्या तारेने पेटवावयाची. इंधन जळून गेल्यावर मोटरीतील एक मंद थर काही सेकंद धुमसत राहतो व तोवर बाण शिखराशी पोहोचतो. मग एक लहानसा बार होऊन टोक सुटते, आतील छत्री उघडते आणि बाण तरंगत खाली येतो. नवी मोटर घातली की तोच पुन्हा उडतो. १९५७ सालीच अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व तिने सुरक्षेचे नियम घालून दिले. व्हर्नन एस्टेस यांनी मोटरी तयार करणारे यंत्र बनविले आणि हा छंद घरोघर पोहोचला.

२००३ साली अमेरिकेत शाळकरी मुलांच्या संघांची राष्ट्रीय अग्निबाणस्पर्धा सुरू झाली. तीत सर्वांत उंच जाणारा जिंकत नाही. बाणाने कच्चे अंडे घेऊन नेमून दिलेल्या उंचीपर्यंतच जावयाचे व अंडे अखंड ठेवून परत यावयाचे. अंडे तडकले की उड्डाण बाद. जोरापेक्षा संयमाला मान देणारी ही कसोटी या उद्योगाचे सार सांगून जाते.

होमर हिकम पुढे अभियंता होऊन १९८१ साली नासा या अमेरिकी अवकाशसंस्थेत दाखल झाले. १९९७ च्या नोव्हेंबरात ताकाओ दोई हे जपानी अंतराळवीर ‘कोलंबिया’ यानातून गेले, तेव्हा त्यांनी सोबत कोलवुडच्या एका नॉझलचा तुकडा नेला होता. खाणीच्या यंत्रशाळेत कातलेला तो पोलादाचा तुकडा पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप परत आला. एके काळी मुलांनी रान तुडवून अशी नॉझले शोधून काढली नसती, तर कोलवुडच्या त्या उड्डाणांत गमतीपलीकडे काही उरले नसते. मुलाच्या हाती बाण द्यावा की न द्यावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांपुढे येतो. तो द्यावा, मात्र तो सुरक्षितपणे सोडण्याची, शोधून आणण्याची आणि त्याच्या झिजेचा अर्थ लावण्याची शिस्तही त्याबरोबरच द्यावी, हे या इतिहासाचे उत्तर आहे.