ओनाची सुई

मी शिवणकाम करते, त्यामुळे ओना जजच्या हकिगतीत माझं लक्ष आधी सुईकडे जातं. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्थाबाईंची ती गुलाम दासी. तिच्या सुईतल्या कसबाची तारीफ खुद्द वॉशिंग्टननी पत्रात केली आहे. त्या कसबाची मजुरी मात्र तिची कधीच नव्हती.

तेव्हा राष्ट्राध्यक्षांचं बिऱ्हाड फिलाडेल्फियात होतं. तिथे सलग सहा महिने राहिलेला गुलाम कायद्याने सुटका मागू शके, म्हणून मुदत भरण्याआधी या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणत. वर मार्थाबाईंनी ओनाला नातीला देऊन टाकायचं ठरवलं. एखादा झगा द्यावा तसं!

21 मे 1796. घरात व्हर्जिनियाला निघायची बांधाबांध चालली होती. ओनाही स्वतःचे कपडे बांधत होती. ते तिने गावातल्या कृष्णवर्णीय ओळखीच्यांकडे आधीच पोचवले आणि मंडळी जेवायला बसताच ती बाहेर पडली. तिला शोधण्यासाठी दिलेल्या 10 डॉलर इनामाच्या जाहिरातीत तिच्या रंगरूपाबरोबर या कपड्यांचाही उल्लेख आहे.

जहाजाने तिने न्यू हॅम्पशायरमधलं पोर्ट्समथ गाठलं. तिला परत न्यायला वॉशिंग्टनकडून निरोप आले, माणसं आली. ती परतली नाही. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरार गुलामच होती. वाचायला ती पळून आल्यावरच शिकली.