दहावीची इंग्रजी : गुणांची तयारी आणि वाक्याची तयारी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत मराठी माध्यमाची मुले इंग्रजीचा पेपर तृतीय भाषा म्हणून देतात. लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ तीन तास. अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. उत्तीर्ण होण्यासाठी शंभरांपैकी ३५ हवेत. परीक्षा जवळ आली की या पेपरविषयीचे मार्गदर्शन सगळीकडून सुरू होते: कोणता प्रश्न आधी सोडवावा, कुठे हमखास गुण मिळतात, पत्राचा आराखडा कसा असावा. या सूचना चुकीच्या नसतात. परंतु 'तयारी' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या प्रक्रिया चालतात आणि त्या तिन्हींना लागणारा काळ अगदी वेगळा असतो. पेपरच्या स्वरूपाची ओळख काही आठवड्यांत होते. स्वतःचे वाक्य रचण्याची सवय लागायला निदान एक पूर्ण वर्ष जाते. शब्दसंग्रह आणि वाचलेले समजून घ्यायला लागणारी पूर्वमाहिती साठायला कित्येक वर्षे लागतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जे सर्वांत लवकर होते त्यालाच सर्वांत जास्त वेळ दिला जातो. हा क्रम बदलला पाहिजे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

आधी कृतिपत्रिकेची रचना पाहू. भाषाभ्यासाच्या प्रश्नात गाळलेली अक्षरे भरणे, शब्द वर्णानुक्रमे लावणे, विरामचिन्हे देणे, एका शब्दातील अक्षरांपासून नवे शब्द तयार करणे, शब्दसाखळी पूर्ण करणे असे प्रकार असतात. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे आणि एक अपठित उतारा यांवर प्रत्येकी दहा गुण असून त्यांतील पहिल्या चार कृती माहिती शोधणे, आकृती पूर्ण करणे, शब्द आणि व्याकरण यांवरच्या असतात. पाचवी तेवढी विद्यार्थ्याचे मत विचारते. शेवटी पाच गुणांसाठी इंग्रजी मजकुराचे मराठीत भाषांतर असते. प्रश्नप्रकार अधूनमधून थोडे बदलतात, पण हिशोब केला तर ऐंशीपैकी चाळिसाच्या आसपास गुण असे निघतात की त्यांसाठी विद्यार्थ्याला इंग्रजीत स्वतःचे एकही पूर्ण वाक्य लिहावे लागत नाही. उरलेले गुण सारांश, पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचे रूपांतर, गोष्ट किंवा बातमी, कवितेचे रसग्रहण आणि स्वमताच्या कृती यांचे. तिथे वाक्य लागते.

आता ३५ गुणांची रेषा या रचनेवर ठेवून पाहा. पहिल्या प्रकारातले वीस गुण आणि अंतर्गत मूल्यमापनातले पंधरा मिळाले, की मूल उत्तीर्ण. शाळेवर निकालाचा दबाव असतो, पालकांना मूल पास व्हायला हवे असते. मग कमकुवत समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जादा तास घेऊन शब्दसाखळ्या आणि वर्णानुक्रम यांचाच सराव करून घेतला जातो. त्यातून मूल पास होते, आणि त्याचा मला आनंदच आहे. दहावी नापास हा शिक्का ग्रामीण भागातल्या मुलीचे शिक्षण कायमचे थांबवू शकतो. पण हेच मूल अकरावीत जाते तेव्हा इंग्रजी त्याच्यासाठी सक्तीचा विषय असतो. बारावीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याला १६ गुण असतात आणि कादंबरी या साहित्यप्रकाराला आणखी १६. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मधल्या पात्राविषयी चार वाक्ये लिहायची वेळ येते, आणि ज्याने आजवर एकही वाक्य स्वतः रचलेले नाही ते मूल पुन्हा पाठांतराकडे वळते.

कृतिपत्रिका आणण्यामागचा हेतू पाठांतर कमी करण्याचा होता. प्रश्नोत्तरे पाठ करून लिहिता येऊ नयेत म्हणून उतारा समोर ठेवून कृती विचारायच्या, ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या योग्यच आहे. तरीही वर्गातले शिकवणे म्हणावे तितके बदलले नाही. हा अनुभव केवळ आपला नाही. श्रीलंकेत ओ-लेव्हलची इंग्रजी परीक्षा नव्या पद्धतीची केली गेली, तेव्हा चार्ल्स ॲल्डरसन आणि डायान वॉल यांनी तिथल्या वर्गांचे निरीक्षण केले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. परीक्षा बदलल्यामुळे शिक्षक काय शिकवतात ते बदलले. कसे शिकवतात ते फारसे बदलले नाही. आपल्याकडेही पूर्वी प्रश्नोत्तरांची डायजेस्ट होती, आता कृतींची डायजेस्ट आहेत. पूर्वी निबंध पाठ केला जाई, आता रसग्रहणाचा साचा पाठ केला जातो: कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पाच गुणांतले तीन-चार गुण कविता न वाचता हाती लागतात.

गुणांच्या आकड्यावर किती विसंबावे, याचाही विचार इथेच करायला हवा. राज्यभर एकच पेपर, एकच वेळ, एकच नमुना उत्तरपत्रिका, तपासणीवर नियामक, म्हणून ही परीक्षा प्रमाणित आहे असे आपण मानतो. पण अमेरिकेतल्या सॅटसारख्या परीक्षेत वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या पेपरांचे गुण संख्याशास्त्राच्या आधारे एकाच मापावर आणले जातात, तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची भाषा बिघडली नव्हती. भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते आणि पेपरचे स्वरूपही नवे होते. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. गुणांची योजना बदलली की आकडा एवढा हलतो. म्हणून शिक्षकाने तयारीचे लक्ष्य ठरवताना असे काही निवडावे की जे पेपर कोणत्याही स्वरूपाचा आला तरी मुलाजवळ राहील.

अपठित उताऱ्यापासून सुरुवात करू, कारण याविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. 'आकलन' हे वेगळे कौशल्य आहे आणि भरपूर उतारे सोडवले की ते वाढते, असे धरून मुलांकडून आठवड्याला चार-चार उतारे सोडवून घेतले जातात. डोना रेच्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग या समजाला धक्का देणारा आहे. त्यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाण असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळाविषयी अनभिज्ञ मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलनाचा बराचसा भाग विषयाच्या पूर्वमाहितीवर उभा असतो. दुसरी बाजू शब्दांची. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. शंभर शब्दांमागे दोनच अनोळखी. आपल्या मुलांसमोरच्या अपठित उताऱ्यांत हे प्रमाण किती वेगळे असते, हे कोणताही शिक्षक एका तासात मोजू शकेल: उताऱ्यातल्या अनोळखी शब्दांखाली मुलांना रेघ मारायला सांगायची, बस्स.

यावरचा उपाय सोपा असला तरी सावकाश चालणारा आहे. आठवी-नववीपासून मुलांनी सोपे इंग्रजी खूप वाचायचे, आणि ते अशा विषयांवरचे की जे त्यांना मराठीतून आधीच ठाऊक आहेत. भूगोलात मोसमी वारे शिकून झाले की त्याच आठवड्यात त्यावरचा सोपा इंग्रजी मजकूर. इतिहासात सत्यशोधक समाज झाला की जोतीराव-सावित्रीबाईंवर इंग्रजी दोन परिच्छेद. माहिती मराठीतून आलेली असल्यामुळे इंग्रजी शब्दांचा अर्थ संदर्भाने लागत जातो. मराठी माध्यमाच्या मुलाकडे ज्ञान नसते असे नाही. त्याचे ज्ञान इंग्रजीच्या तासाला बाहेर उभे केले जाते. माझ्या मते हे मराठी माध्यमाचे बलस्थान आहे आणि आपण ते वापरत नाही.

सारांशलेखनात हा सगळा पेच एका जागी दिसतो. उताऱ्यावरच्या पहिल्या दोन कृती मुलाला शिकवतात की उत्तर उताऱ्यात आहे, शोध आणि उचल. लगेच पुढची पाच गुणांची कृती सांगते की उचलू नकोस, स्वतःच्या शब्दांत थोडक्यात लिही. मूल अर्थातच पहिले आणि शेवटचे वाक्य उतरवून मध्ये एखादे घालते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला दुसरी रीत कोणी दाखवलेली नाही. रीत अशी: समजा उतारा एका गावाने तलावातला गाळ कसा उपसला यावर आहे. मुलाने तो दोनदा वाचावा. मग पुस्तक मिटायचे. वाचलेले शेजारच्या मित्राला मराठीत सांगायचे, दोन-तीन वाक्यांत: गावकऱ्यांनी गाळ काढला, तो शेतात टाकला, विहिरींना मे महिन्यातही पाणी राहिले. त्यानंतर, पुस्तक मिटलेलेच ठेवून, तेवढेच इंग्रजीत लिहायचे, येतील त्या शब्दांत. जुलैमध्ये वहीत असे काहीसे येते: 'व्हिलेज पीपल इज रिमूव्ह द मड. द वॉटर इज कम इन वेल.'

हे उत्तर चुकीचे म्हणून खोडून टाकण्याआधी ते नीट पाहावे. मुलाने उतारा समजून घेतला आहे, दोन मुख्य गोष्टी बरोबर निवडल्या आहेत, कार्यकारणाचा क्रम सांभाळला आहे. क्रियापद कर्माच्या आधी आले आहे, म्हणजे मराठीची वाक्यरचना त्याने मागे टाकली आहे. अडचण एकच मोठी आहे: प्रत्येक क्रियापदाआधी 'इज' येते. पहिलीपासून 'धिस इज', 'माय नेम इज' यांची इतकी घोकंपट्टी झालेली असते की प्रत्येक वाक्यात 'इज' हवेच असे त्याला वाटते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. पहिलीत पाठ केलेला साचा दहावीपर्यंत मोकळा न होणे हे अजूनही घडते. तेव्हा या वहीत शिक्षकाने फक्त तेवढेच सुधारावे. घडून गेलेली गोष्ट सांगायची तर क्रियापदाचे भूतकाळी रूप एकटे पुरते. 'द'ची चूक, अनेकवचनाची चूक आज सोडून द्यावी. लाल शाईने भरलेल्या वहीतून मूल एकच धडा घेते, की लिहू नये. एका वेळी एक चूक दुरुस्त होत गेली तर दिवाळीच्या सुमारास त्याच मुलाकडून 'द व्हिलेजर्स रिमूव्ह्ड द मड. दे पुट इट इन द फील्ड्स. द वेल्स हॅड वॉटर इन मे' इतके येऊ शकते. साधी तीन वाक्ये, पण सारांशाच्या पाच गुणांतले बरेचसे त्यांत आहेत, आणि हीच वाक्ये उद्या बातमीतही चालतात.

पुस्तक मिटून आठवायला लावण्यामागे स्मरणशास्त्राचा आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवले, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्याने पाहिले तर वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे पुढे असतात. डायजेस्ट चौथ्यांदा वाचणाऱ्या मुलाला 'सगळे येते' असे का वाटते आणि पेपरात ते का सुचत नाही, याचे उत्तर यात आहे.

पत्रलेखनाविषयी थोडक्यात. 'आय ॲम फाइन हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू' हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो उत्तरपत्रिकांत असते. त्याने नुकसान होत नाही, पण कृतिपत्रिकेत पत्रासाठी माहितीपत्रक किंवा मुद्दे दिलेले असतात आणि गुण त्या मुद्द्यांचा वापर करण्यासाठी असतात. आराखडा एका तासात शिकवून संपवावा. उरलेले तास एकाच माहितीपत्रकावरून मित्राला, मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला अशी तीन पत्रे लिहून घेण्यात घालवावेत. वाचणारा बदलला की वाक्य कसे बदलते, ते त्यातून मुलाला कळते.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बहुतेक ठिकाणी उदारपणे दिले जातात आणि वर्षाच्या शेवटी घाईने भरले जातात. यांतला तोंडी भाग जुलैपासून दर आठवड्याला थोडा थोडा घेतला तर लेखनाची अर्धी तयारी तिथेच होईल, कारण जे वाक्य तोंडाने एकदाही उच्चारलेले नाही ते पेपरात सहसा सुचत नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो खरा आहे: वर्गात साठ मुले, दररोज लिहून घेतले तर वह्या तपासायच्या कधी? सगळ्या तपासूच नयेत. रोज हजेरीपटाच्या क्रमाने दहा वह्या घ्याव्यात, प्रत्येकीत एकच चूक दाखवावी आणि तीच चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर सर्वांसाठी घ्यावी. सहा दिवसांत साऱ्या वर्गाच्या वह्या एकदा नजरेखालून जातात. बाकीच्या पन्नास जणांनी ती चूक शेजाऱ्याच्या वहीत शोधायची. प्रिलिमपर्यंत हे चालू ठेवावे. जुन्या कृतिपत्रिका, तीन तासांची वाटणी, प्रश्नांचा क्रम, उत्तराला क्रमांक देण्याची शिस्त, हे सारे जानेवारीत सुरू केले तरी परीक्षेआधी चार-पाच आठवडे हातात असतात आणि त्या कामाला ते पुरतात. वर्णानुक्रम आणि शब्दसाखळी यांची पाळीही तेव्हाच येऊ द्यावी.