आफ्रिकेत मोबाइल नेणारा नुबियन इंजिनीअर

मोबाइल फोनचा इतिहास सांगताना आपण मोटोरोलापासून सुरुवात करतो, मग नोकिया, मग अ‍ॅपल. ही सगळी यंत्रं बनवणाऱ्यांची नावं. पण यंत्र हातात आलं म्हणून फोन लागत नाही. त्यासाठी टॉवर, परवाना, भांडवल लागतं, आणि गरीब गिऱ्हाइकावर विश्वास ठेवणारा कुणीतरी लागतो. आफ्रिकेत हे काम ज्यांनी केलं त्यांत मोहम्मद इब्राहिम हे नाव फार वरचं आहे. जग त्यांना ‘मो इब्राहिम’ म्हणून ओळखतं. आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही.

त्यांचा जन्म १९४६चा, सुदानमधला. घराणं नुबियन, म्हणजे सुदान-इजिप्तच्या सीमेवर नाईलकाठी राहणाऱ्या प्राचीन समाजातलं. ते लहान असतानाच कुटुंब इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला आलं आणि बालपण तिथे गेलं. अलेक्झांड्रिया विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि सुदानला परतून तिथल्या सरकारी टेलिफोन खात्यात नोकरी धरली. १९७४मध्ये शिक्षणासाठी ते ब्रिटनला गेले. ब्रॅडफर्डला मास्टर्स केलं आणि बर्मिंगहॅमला डॉक्टरेट. विषय होता मोबाइल संचार. सत्तरच्या दशकात या विषयात नोकऱ्या जवळपास नव्हत्याच. पुढे काही काळ त्यांनी अध्यापन केलं.

या संशोधनाचं महत्त्व समजायला थोडं तंत्र पाहावं लागेल. रेडिओलहरींचे पट्टे मोजके असतात. एका पट्ट्यावर एकच संभाषण चालवलं, तर अख्ख्या शहरात काही शेकडा लोकच बोलू शकतील. सेल्युलर पद्धतीत शहराचे लहान लहान भाग, म्हणजे ‘सेल’, पाडतात आणि दूरच्या भागात तोच पट्टा पुन्हा वापरतात. अडचण अशी की लहरी सरळ रेषेत जात नाहीत. इमारतींवर आपटतात, टेकडीआड क्षीण होतात, गल्लीबोळांत वळतात. टॉवर कुठे उभारायचा आणि किती उंच, याचं गणित चुकलं तर पैसा पाण्यात. इब्राहिम यांचा हात या गणितावर बसलेला होता.

१९८३मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या सेलनेट या मोबाइल कंपनीत ते तांत्रिक संचालक झाले. १९८५च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या दोनपैकी एका जाळ्याची तांत्रिक धुरा एका सुदानी माणसाकडे होती. पण मोठ्या कंपनीचा कारभार त्यांना मानवला नाही. १९८९मध्ये नोकरी सोडून त्यांनी एमएसआय ही सल्लागार कंपनी काढली. जाळ्यांची आखणी करून देणं आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकणं हा तिचा धंदा. २०००मध्ये ही कंपनी मार्कोनीने ९० कोटी डॉलरांहून अधिक किमतीला घेतली.

इथेच थांबले असते तरी ते यशस्वी इंजिनीअर म्हणून गणले गेले असते. पण सल्ला देताना एक गोष्ट त्यांना खटकत होती. जगभरच्या कंपन्या परवान्यांसाठी कोट्यवधी मोजत होत्या, आणि आफ्रिकेतले परवाने नाममात्र किमतीत मिळत असूनही कुणी घेत नव्हतं. युगांडा म्हटलं की युरोपातल्या अधिकाऱ्यांना इदी अमीन आठवे, जो १९७९मध्येच सत्तेवरून गेला होता. शेवटी १९९८मध्ये त्यांनी स्वतःच पुढे होऊन आफ्रिकेसाठी वेगळी कंपनी उभी केली. तीच पुढे ‘सेलटेल’ झाली.

युगांडा, झांबिया, मलावी, सिएरा लिओन, चाड, कांगो असे एकेक देश जोडत कंपनी वाढली. काम सोपं नव्हतं. बँका कर्ज देईनात, म्हणून मुख्यतः भागभांडवलावर धंदा करावा लागला. वीज नाही म्हणून टॉवरला डिझेल जनरेटर, रस्ता नाही तिथे सामान हेलिकॉप्टरने. गिऱ्हाइकाकडे ना बँकेचं खातं ना पक्का पत्ता. मग महिन्याचं बिल पाठवायचं कुणाला? त्यावर उपाय प्रीपेड कार्डाचा. जेवढे पैसे भरले तेवढंच बोलायचं. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या कांगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसल्या आहेत, पण एकीकडून दुसरीकडे केलेला फोन युरोपातून फिरून येई. सेलटेलने नदीवरून थेट दुवा जोडला. वसाहतवादाने आखलेली वाट कशी असते, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण सापडणार नाही.

लाच न देण्याचा नियमही त्यांनी सुरुवातीपासून पाळला. त्यासाठी प्रवचन दिलं नाही, व्यवस्था लावली. ३०,००० डॉलरांवरचा कोणताही खर्च संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय होणार नाही. मंत्र्याने हात पुढे केला की स्थानिक व्यवस्थापक म्हणू शके, माझ्या हातात काही नाही. प्रामाणिकपणा एकट्या माणसाच्या धैर्यावर सोडला की तो कधीतरी मोडतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

२००५मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरण्याची तयारी चालू असतानाच कुवेतच्या एमटीसीने ३४० कोटी डॉलरांना सेलटेल विकत घेतली. एमटीसीची पुढे ‘झेन’ झाली आणि २०१०मध्ये झेनचा १५ आफ्रिकी देशांतला व्यवसाय आपल्या भारती एअरटेलने घेतला. आज युगांडा-मलावीत एअरटेलची पाटी दिसते ती अशी. यात एक प्रश्न उरतोच. आफ्रिकी माणसाने उभारलेली कंपनी आधी कुवेतची आणि मग भारताची झाली. खंडाबाहेर न जाता ती टिकवायला लागणारं भांडवल आफ्रिकेत नव्हतं. कौशल्य होतं, मागणी होती, पैसा मात्र बाहेरचा होता.

विक्रीतून आलेल्या संपत्तीतून त्यांनी २००६मध्ये प्रतिष्ठान स्थापलं. लोकशाही मार्गाने निवडून आलेल्या, चांगला कारभार करून मुदत संपताच पायउतार झालेल्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखाला ५० लाख डॉलरांचा पुरस्कार. २००७मध्ये पहिला मान मोझांबिकच्या जोआकिम चिसानो यांना मिळाला. २००९, २०१०, २०१२, २०१३ या वर्षांत पात्र कुणी सापडलं नाही आणि पुरस्कार दिला गेला नाही. पैसे देऊन चांगले नेते घडतात का, अशी टीका झाली. ती रास्तही आहे. पण ती रिकामी वर्षंही बरंच काही सांगून गेली.

आणि त्यांची जन्मभूमी? एप्रिल २०२३पासून सुदान लष्कर आणि निमलष्करी दलाच्या युद्धात होरपळतो आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये देशाच्या मोठ्या भागात फोन आणि इंटरनेट बंद पडलं. माणसं आपल्याच घरच्यांची ख्यालीखुशाली विचारू शकत नव्हती, परदेशातून मोबाइलवर येणारे पैसे अडकले, धान्य घ्यायला हातात काही उरलं नाही. डोंगर, नदी, वाळवंट यांवर उपाय इंजिनीअरकडे होता. बंदूकवाल्यांनी टॉवर बंद पाडला तर त्यावर तो त्याच्याकडे नाही. मो इब्राहिम यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं सुशासनावर का खर्च केली, हे या बंद पडलेल्या फोनांकडे पाहिलं की समजतं.